कोटेशनचा तक्ता दोन पानांत तुटू नये म्हणून

कोटेशन, मालाची यादी, कारागिरांचा मजुरीचा हिशेब ही कामे आता बहुतेक दुकानांत संगणकावर होतात. एका पानाचा तक्ता असेल तर अडचण येत नाही. यादी दुसऱ्या पानावर गेली की घोटाळा सुरू होतो.

समजा, आपला फर्निचरचा कारखाना आहे. कोटेशनमध्ये आपण लिहिले, 'सागवानी दरवाजा, ७ फूट बाय ३ फूट, ६ नग. पॉलिश व फिटिंगचा खर्च वेगळा.' ही ओळ पानाच्या अगदी तळाशी आली. दरवाजा आणि दर पहिल्या पानावर राहिले आणि 'पॉलिश व फिटिंगचा खर्च वेगळा' एवढे शब्द दुसऱ्या पानावर गेले. गिऱ्हाइकाने पहिले पान पाहून होकार दिला. काम झाल्यावर तो म्हणणार, 'पॉलिश तुमच्याच दरात होते.' नुकसान आपले आणि संबंधही बिघडले. म्हणून वर्डमधील पुढील चार गोष्टी शिकून घ्याव्यात.

१) ओळ तुटू न देणे : संपूर्ण तक्ता निवडा. माऊसचे उजवे बटण दाबून 'टेबल प्रॉपर्टीज' उघडा व 'रो' या भागात जा. तेथे 'अलाऊ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस' यापुढील खूण काढून टाका. आता जी ओळ पानावर पूर्ण मावत नाही, ती सबंधच पुढील पानावर जाईल. तळाशी थोडी जागा कोरी राहील, त्याची फिकीर करू नये.

२) मथळा प्रत्येक पानावर आणणे : दुसऱ्या पानावर नुसते '१२' आणि '४५०' दिसले, तर नग कोणते व दर कोणता हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? तक्त्याची पहिली ओळ निवडा आणि त्याच 'रो' भागात 'रिपीट अ‍ॅज हेडर रो' यापुढे खूण करा. मथळा हाताने पुन्हा टाईप करू नये. वर एक कलम वाढले की तो मथळा पानाच्या मध्यभागी येऊन बसतो.

३) एकूण रक्कम एकटी पडू न देणे : शेवटच्या पानावर फक्त 'एकूण' ही ओळ असणे बरे दिसत नाही. 'एकूण'च्या वरच्या तीन ओळी निवडा, 'पॅरेग्राफ'मधील 'लाईन अँड पेज ब्रेक्स' येथे जा आणि 'कीप विथ नेक्स्ट' यापुढे खूण करा. या ओळी आता 'एकूण'ला सोडणार नाहीत. लहान तक्ता सबंध एकाच पानावर हवा असेल, तर शेवटची ओळ सोडून बाकी सर्व ओळींना हीच खूण करावी.

४) मथळा येत नसेल तर : दोन कारणे तपासा. तक्त्याच्या मध्येच कंट्रोल व एंटर दाबून पान तोडले असेल, तर ती तोड काढा. तसेच 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये 'टेक्स्ट रॅपिंग' हे 'अराऊंड' असेल, तर ते 'नन' करा.

ज्यांच्याकडे वर्ड नाही, त्यांना मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही ही सोय आहे. तेथे तक्त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'टेक्स्ट फ्लो' हा भाग पाहावा.

एक सवय मात्र सोडावी. ओळ खाली ढकलण्यासाठी पुष्कळ जण एंटरवर एंटर दाबत जातात. आज पान नीट दिसते, पण उद्या एक कलम कमी झाले की सगळा तक्ता विस्कटतो.

कोटेशन पाठवताना ते पीडीएफ करून पाठवावे. समोरच्याच्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसेल तर ओळींची उंची बदलते आणि पाने पुन्हा हलतात. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचा तळ आणि माथा एकदा नजरेखालून घालावा. दोन मिनिटांचे हे काम पुढचा वाद वाचवते.