दिल्ली पाहताना



भडगाव-पाचोऱ्याकडची माणसे दिल्लीला गेली की लाल किल्ला व कुतुबमिनार पाहून परततात. ते जरूर पाहावेत. परंतु बौद्ध कुटुंबाने आणखी चार ठिकाणी गेले पाहिजे. मुलाबाळांना बरोबर न्या.

१) फिरोजशहा कोटला : येथे सम्राट अशोकाचा सुमारे १३ मीटर उंच दगडी स्तंभ आहे. तो मूळचा हरियाणातील टोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो यमुनेतून नावांवर आणविला. त्यावरील लेख त्या काळी कोणालाही वाचता आला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती ब्राह्मी लिपी उलगडली. लेखात काय निघाले? वाटेवर वड लावले, आंबराया केल्या, विहिरी खणल्या, माणसांची व जनावरांची सोय केली, असा राजाने दिलेला हिशेब! लढाईची बढाई त्यात नाही.

२) कालकाजीजवळचा शिलालेख : टेकडीवरील खडकावर कोरलेला अशोकाचा हा लेख १९६६ साली उजेडात आला. त्याचा आशय असा की, नेटाने उद्योग केल्यास केवळ थोरांनाच नव्हे, लहान माणसालाही मोठे फळ मिळते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘तुम्ही लहानच’ असे ऐकविले गेले, त्यांनी या खडकासमोर थोडा वेळ उभे राहावे.

३) संविधान सदन : हे जुने संसद भवन. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने येथे संविधान स्वीकारले. मसुदा समितीचे अध्यक्ष होते पूज्य बाबासाहेब. लहान माणसालाही समान हक्क आहे, हे येथे कायद्याने ठरले.

४) २६, अलीपूर रोड : १९५१ साली मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब येथे राहावयास आले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम त्यांनी येथेच पूर्ण केले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज येथे उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. ते १३ एप्रिल २०१८ रोजी खुले झाले.

येथे नवस बोलू नका, नारळ फोडू नका. त्रिशरण-पंचशील म्हणा. मग तेथील पाट्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. घरातल्या ज्या आजीला अक्षर येत नाही, तिला त्या ऐकू द्या. वाचणारा नव्हता म्हणून अशोकाचे शब्द शतकानुशतके मुके राहिले. बाबासाहेबांचे शब्द आपल्या घरात तसे राहू नयेत.

घरी करावयाचा अभ्यास : अशोकाने लोकांसाठी केलेली तीन कामे मुलांना विचारा. त्यांतले एक आपल्या वस्तीत करता येईल का, ते रविवारी विहारात बसून ठरवा.

जयभीम!