जत्रेचे उरलेले मटण

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत पुष्कळ गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखात येतात. एक दिवस देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, आणि दुसऱ्या दिवशी मटण. पाव्हणे किती येतील याचा अंदाज कोणालाच लागत नाही. म्हणून पातेले मोठेच चढते. रात्री शेवटची पंगत उठते, तरी तळाशी रस्सा नि फोडी उरतातच. मटण महागाचे. टाकवत नाही. सकाळी तेच पातेले चुलीवर जाते. खाली भडका जाळ लावतात, खदखदा उकळतात आणि वाढतात. मग घरातले म्हातारे माणूस म्हणते, "काल लोण्यावाणी होतं, आज पार चामडं झालंय." एवढ्यावर भागले तर बरे म्हणायचे. कधी कधी घरातल्या चौघांची पोटेही बिघडतात.

मटण नरमही राहावे आणि बाधूही नये. हे दोन्ही साधते. कसे ते पाहू.

आधी फोड कोरडी का पडते ते समजून घ्या. मांस म्हणजे बारीक धाग्यांची जुडी. कच्च्या मांसात चार भागांपैकी जवळजवळ तीन भाग पाणीच असते. आच लागली की हे धागे आवळतात आणि पाणी बाहेर पडते. ओले फडके पिळल्यासारखे समजा. पण मटण मंद आचेवर बराच वेळ शिजले, की धाग्यांमधले चिवट पडदे विरघळतात. त्यांचा चिकट रस होतो. त्या रसामुळेच फोड मऊ लागते. थंड झालेला रस्सा खरवसासारखा थरथरतो, तो याच रसामुळे. तो रस टाकून देऊ नका. दुसऱ्या दिवशी भडक जाळ लावला, की आवळलेले धागे आणखी आवळतात. राहिलेले पाणीही निघून जाते. उरतो तो चोथा.

आता पोट का बिघडते? काही जंतू कवचाचे बी करून बसतात. धान्याचे बी उन्हात वाळवले तरी मरत नाही. तसे हे जंतूंचे बी उकळीतही मरत नाही. पातेले कोमट झाले की ते उगवते. मनासारखी ऊब मिळाली, तर दहा-पंधरा मिनिटांत एका जंतूचे दोन होतात. मोठे पातेले मधोमध कित्येक तास कोमट राहते. वास येत नाही, चवही बदलत नाही. म्हणून "वास तर चांगला येतोय" हा पुरावा धरू नका.

म्हणजे सकाळच्या गरम करण्याची खरी तयारी आदल्या रात्रीच करायची आहे. जेवण एक तर वाफाळते गरम असावे, नाही तर चांगले गार. कोमट ठेवू नये. जेवणे आटोपली की उरलेले लहान, पसरट भांड्यांत वाटून काढा. परातीत गार पाणी घ्या आणि त्यात ती भांडी ठेवा. मधून मधून डाव फिरवा. पाणी कोमट झाले की बदला. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेले पाहिजे. वैशाखाच्या उकाड्यात तर त्याहूनही लवकर. फोडी रस्स्यात बुडालेल्या ठेवा, उघड्या पडलेल्या फोडी सुकतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात मात्र ठेवू नका, रस्सा कळकतो. डब्यावर कागदाची चिठ्ठी लावा. तिच्यावर वार नि वेळ लिहा. तुम्हांला आता लिहिता येते, त्याचा इथे उपयोग आहे. तीन दिवसांच्या आत डबा संपवा. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज चारएक तास गार राहतो.

घरात फ्रीज नसेल तर? मग रात्रीच, गरम असतानाच, शेजारी डबे पोचवा आणि तेव्हाच खायला सांगा. वैलावर ठेवायचे असेल, तर निखारे रात्रभर टिकले पाहिजेत. झाकण उचलताच वाफ आली पाहिजे. पहाटे भांडे कोमट लागले, तर ते मटण खाऊ नये. हे सांगायला मलाही जड जाते, कारण मटणाचा भाव मला ठाऊक आहे. पण काही जंतूंचे विष उकळूनही जात नाही. हाताला गळू किंवा पिकलेली जखम असलेल्या माणसाने फोडी हाताळल्या, तर असे विष तयार होऊ शकते. अशा माणसाला वाढायला बसवू नका.

आता गरम करू. समजा, एका घरी सासू-सुना चुलीपाशी आहेत.

"आत्याबाई, सगळाच डबा ओतू का?"

"नको गं सूनबाई. आत्ता लागंल तेवढंच काढ. पुन्हा पुन्हा गरम केलं की फोडी दोऱ्यावाणी होतात."

"पाणी घालू का?"

"आधी नुसता रस्सा उकळू दे. आटला असंल तर आधणाचं पाणी घाल, गार नको. मग फोडी सोड, झाकण ठेव आन् जाळ मागं वढ."

आत्याबाईंचे बरोबर आहे. आधी रस्सा, मग फोडी. रस्सा फोडीला सगळीकडून ऊब देतो आणि तिची ओल धरून ठेवतो. जाळ मंद ठेवला तरी फोड आतपर्यंत तापलीच पाहिजे. सर्वांत जाड फोड मोडून पाहा. मधून वाफ निघाली आणि आतला भाग बोटाला चटका देण्याइतका गरम लागला, की झाले.

सुक्या मटणाला रस्सा नसतो. कढईत दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडा. वर खोलगट ताटली झाका आणि ताटलीत थोडे पाणी ओता. वाफ ताटलीला लागते, पाणी होऊन परत मटणात पडते. शेवटी मिनिटभर झाकण काढा, मसाला पुन्हा कोरडा होतो. पांढऱ्या रस्स्यात नारळाचे दूध असते. तो जोरात उकळला तर फुटतो. म्हणून डाव फिरवत हळूहळू तापवा. पोल्ट्रीच्या कोंबडीच्या छातीच्या फोडी लवकर कोरड्या होतात. त्या तर रस्स्यातच तापवाव्यात. कलेजी उरवूच नका. दुसऱ्या दिवशी ती रबरासारखी होते.

फेस आलेला, आंबूस किंवा तार सुटणारा रस्सा खड्ड्यात पुरा. कुत्र्यालाही घालू नका.

एवढे करूनही कोणाला जुलाब लागले, तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. हे पाणी घोट घोट पाजत राहा. मीठ जास्त पडू देऊ नका. शौचातून रक्त पडले, लघवी बंद झाली, लहान मूल मलूल झाले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी वाट पाहू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.