गिअर अडतो, तेव्हा आधी क्लच तपासावा

संकेश्वरहून गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोली घाट उतरून कोकणात जाणाऱ्या मालवाहू पिकअप गाडीची खरी कसोटी उतारावर लागते. ऐन वळणावर खालचा गिअर न पडल्यास साऱ्या वजनाचा ताण ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका संभवतो. म्हणून गिअर अडू लागताच चालकाने दोषाचे मूळ शोधणे अगत्याचे आहे.

परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा व चाकांखाली दगड ठेवावेत. प्रथम इंजिन बंद ठेवून, नंतर ते सुरू करून, दोन्ही वेळा क्लच पूर्ण दाबून गिअर टाकून पाहावेत. केवळ चालू इंजिनावर गिअर अडत असल्यास बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी पेडलची मोकळी चाल, क्लचच्या ऑईलची पातळी व गळती तपासावी. दोन्ही वेळा अडत असल्यास गिअरची केबल व गिअरबॉक्समधील ऑईल पाहावे. गिअर आपोआप सुटत असेल, तर मात्र दुरुस्ती झाल्याखेरीज गाडी घाटात नेऊ नये.

क्लचवर सतत पाय ठेवल्याने त्याची प्लेट अकाली झिजते, हेही चालकांनी ध्यानी ठेवावे. निघण्यापूर्वी केलेली पाच मिनिटांची तपासणी घाटातील संकट टाळू शकते.