यंत्रावरील झाकण मजूर का काढतो?

मळणीयंत्र, कडबाकुट्टी व ट्रॅक्टर यांनी शेतकऱ्याचे श्रम पुष्कळ वाचविले यात वाद नाही. परंतु याच यंत्रांत हात अगर बोटे गमावलेली माणसेही खेडोपाडी आढळतात. अशा अपघाताच्या पंचनाम्यात ‘मजुराचा निष्काळजीपणा’ हे शब्द इतक्या सहज लिहिले जातात, की खरे कारण त्यांखाली झाकून जाते. आमच्या मते मजूर झाकण काढतो तो बहुधा मूर्खपणाने नव्हे, तर काम उरकण्यासाठी. म्हणून झाकण का निघते, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम झाकणाचे प्रयोजन पाहू. ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा सामान्यतः मिनिटास 540, म्हणजे सेकंदास 9 फेरे फिरतो. दांड्याचा व्यास 7 सेंटीमीटर धरला, तर एका सेकंदात जवळजवळ 2 मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. धोतराचा सोगा अगर लुगड्याचा पदर अडकल्यावर ‘थांबवा’ म्हणण्यासही अवसर उरत नाही. तसेच भारतीय मानकाप्रमाणे मळणीयंत्रात पेंढ्या सारण्याची पन्हळ निदान 90 सेंटीमीटर लांब असून तिचा ड्रमकडील 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा लागतो. हेतू हा, की हात ड्रमपर्यंत पोचूच नये.

मग हे झाकण निघते कशाने? पहिले कारण मोबदल्याची रीत. मळणी पोत्यामागे ठरली, की यंत्रवाल्यास एका दिवसात अधिक खळी गाठावयाची असतात. झाकणाने पेंढी हळू जाते, म्हणून ते उतरते. दुसरे कारण ओले पीक. ते ड्रममध्ये तुंबते, वारंवार झाकण उघडावे लागते, आणि चार बोल्ट दहादा काढण्यापेक्षा मनुष्य ते बांधावर ठेवून देतो. तिसरे कारण सवय. शंभर वेळा काही झाले नाही, म्हणून एकशे एकाव्या वेळीही होणार नाही असे वाटते. चौथे कारण मालकाची मूकसंमती. आभाळ भरून आले असता ‘आटपा लवकर’ असे आपणच म्हणतो. मजुरास तेवढी आज्ञा पुरते.

कडबाकुट्टीत आणखी एक धोका आहे. वीज गेली म्हणून मजूर अडकलेला कडबा हाताने ओढतो, बटण मात्र चालूच राहते. वीज अकस्मात आली, की पाते फिरू लागते.

यावर उपाय येणेप्रमाणे करावे. पीक पूर्ण वाळल्याशिवाय मळणीस घेऊ नये. झाकण बोल्टाऐवजी बिजागरीवर बसवून घ्यावे, म्हणजे ते उघडता येईल पण वेगळे होणार नाही. तुंबलेला माल काढण्यापूर्वी यंत्र बंद करून, वीज तोडून, ड्रम थांबल्याची खात्री करावी. यंत्र भाड्याने आणताना ‘झाकणाशिवाय मळणी नाही’ ही अट भावाबरोबरच ठरवावी, आणि शक्य तेथे पोत्याऐवजी दिवसावर मजुरी द्यावी. सैल वस्त्रे आवळून बांधावीत. मुलांस व दारू प्यालेल्या माणसास यंत्राजवळ फिरकू देऊ नये. रात्री काम करणे भागच असेल तर भरपूर उजेड व माणसांची पाळी ठेवावी.

संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. परंतु प्रत्येक खळ्यावर सरकारी पहारा बसू शकत नाही. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात अनुदान योजना आहे. तीत मृत्यू झाल्यास 2 लाख व एक हात गेल्यास 1 लाख रुपये मिळतात, पण ते खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एका माणसास. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, ज्याची जमीन म्हणजे त्याचे दोन हातच, त्या मजुरास ही योजना लागू नाही. यंत्रापुढे बहुधा उभा असतो तो तोच.

तेव्हा जबाबदारी खळ्याच्या धन्यावर येते. झाकण लावण्यास जी घटका जाईल तिची मजुरी आपण आनंदाने द्यावी. झाकण निघालेले दिसताच, पाऊस येवो अगर न येवो, यंत्र थांबवावे. धन्याने एकदा असे केले, म्हणजे दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.