फिरत्या यंत्राचा पत्ता : आंतरजालापुढील काही न सुटलेले प्रश्न

जुनी इंदूर येथील एखादे कुटुंब नोकरीनिमित्त पुण्यास गेले, तर ते टपाल कचेरीत अर्ज देऊन आपली पत्रे नव्या पत्त्यावर वळवून घेते. भ्रमणध्वनीची अडचणही याच स्वरूपाची आहे. आंतरजालाशी जोडलेल्या यंत्रास आकडी पत्ता असतो. हा पत्ता यंत्राची ओळखही सांगतो आणि त्याचे ठिकाणही. यंत्र एका जागी असेतो हे दुहेरी काम सुरळीत चालते. परंतु घरच्या वायफायवर डॉक्टरांचा सल्ला घेणारा रुग्ण बोलता बोलता रस्त्यावर आला व त्याचा फोन मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर गेला, की पत्ता बदलतो आणि संभाषण तुटण्याचा संभव निर्माण होतो.

यावर उपाय म्हणून १९९६ साली 'मोबाइल आयपी' ही नियमावली प्रसिद्ध झाली. तीनुसार यंत्राचा मूळ पत्ता कायम राहतो. मूळ जाळ्यातील 'गृह-प्रतिनिधी' आलेला मजकूर यंत्राच्या तात्पुरत्या पत्त्यावर पाठवितो. योजना सुबोध आहे. तथापि तिच्यातून पुढील प्रश्न उद्भवले.

पहिला प्रश्न मार्गाचा. पुण्यातील शेजाऱ्याने लिहिलेले पत्रही आधी इंदुरास जाऊन मग पुण्यास परतावे, तसा हा प्रकार आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! २००४ च्या सुधारित नियमावलीत थेट मार्गाची सोय झाली. पण मग यंत्र कोठे आहे हे समोरच्यास कळू लागले.

दुसरा प्रश्न वेळेचा. नवे जाळे शोधणे, पत्ता मिळविणे व त्याची नोंद करणे यांत जाणारा काळ क्षणाचाच असला, तरी संभाषणात तो खटकतो.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. खोटा अर्ज देऊन कोणी दुसऱ्याची पत्रे आपल्याकडे वळविली, तर काय? म्हणून प्रत्येक नोंदीची पडताळणी आवश्यक ठरते. आणि पडताळणीस पुन्हा वेळ लागतो.

चौथा प्रश्न अंमलबजावणीचा. अनेक जाळी परक्या पत्त्याने निघालेला मजकूर सुरक्षिततेसाठी अडवितात. मोबाइल कंपन्यांनी आपापल्या जाळ्यापुरती स्वतंत्र व्यवस्था केली आहे. त्यामुळे मनोऱ्यामागून मनोरे बदलले तरी बोलणे सहसा तुटत नाही. मात्र एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाताना अडचण उरते. २०२१ साली प्रमाणित झालेल्या 'क्विक' नियमावलीने संभाषणालाच स्वतंत्र ओळखक्रमांक देऊन पत्ता बदलला तरी ते टिकविण्याचा मार्ग दाखविला. पण त्यासाठी दोन्ही टोकांस ही सोय असावी लागते.

शिक्षकांनी वर्गात चिठ्ठ्या, एक 'गृह-प्रतिनिधी' व जागा बदलणारा एक विद्यार्थी घेऊन हा विषय सहज समजावून द्यावा. ग्रामस्थांनीही वैद्यकीय सल्ल्यासारखे महत्त्वाचे बोलणे चालू असता शक्यतो एकाच जाळ्यावर राहावे. ओळख कायम, ठिकाण बदलते आणि गुप्तता अबाधित, असा तिहेरी मेळ साधणे हेच संशोधकांपुढील आव्हान होय.