गरज सांगणे ही लाचारी नव्हे : सम्यक वाचेचा एक पाठ

विहारात आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. चौथ्या शीलाने आपण खोटे न बोलण्याची शिकवण स्वीकारतो. त्यामुळे सम्यक वाचा म्हटले की खोटे बोलू नये, चहाडी करू नये, शिवीगाळ करू नये, निरर्थक बडबड करू नये, एवढाच अर्थ आपल्या मनात येतो. हा अर्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे. काय बोलू नये हे आपल्याला पाठ आहे. परंतु स्वतःला काही हवे असेल तर ते कसे सांगावे आणि दुसऱ्याला काय हवे आहे ते कसे विचारावे, याचा अभ्यास आपण फारसा करीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आजारी भिक्खूचा प्रसंग

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. आनंदाला बरोबर घेऊन निवासस्थाने पाहत फिरत असताना तथागत तेथे आले. त्यांनी उपदेश केला नाही, आधी विचारले. तुला काय होते आहे? तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे का? भिक्खू तुझी सेवा का करीत नाहीत? भिक्खूने उत्तर दिले की, मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. नंतर भिक्खूसंघाला एकत्र करून त्यांनी समज दिली की, येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार?

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. परंतु त्याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. शुश्रूषा करणारा कसा असावा हे तथागतांनी तेथे सांगितले आहे. त्याला पथ्यापथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करावी, घाणीची किळस करू नये. त्याचबरोबर रुग्ण कसा असावा हेही सांगितले आहे. जो रुग्ण आपले हित चिंतणाऱ्या सेवकाला आपले दुखणे जसे आहे तसे सांगत नाही, वाढले तर वाढले, कमी झाले तर कमी झाले असे स्पष्ट करीत नाही, त्याची शुश्रूषा करणे कठीण असते. म्हणजे विचारणे हे एकाचे कर्तव्य आहे, तसेच खरे सांगणे हे दुसऱ्याचे कर्तव्य आहे. यांपैकी दुसऱ्या कर्तव्यात आपण मागे पडतो, असे मला वाटते.

आपण का सांगत नाही?

याचे कारण आपल्या इतिहासात आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना गावकीची कामे करून दारोदार भाकरी मागावी लागत होती. उंबऱ्यापासून लांब उभे राहायचे आणि वरून टाकलेला तुकडा पदरात घ्यायचा, हेच त्यांचे वेतन होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही वतनाची गुलामी ओळखली आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने संपुष्टात आली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी ठिकठिकाणी गावकीची कामे सोडून दिली. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा आपल्या घराघरांतला बाणा झाला. तो योग्यच होता. परंतु तोच बाणा पुढे घरातल्या माणसांतही आड येऊ लागला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार होते. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र हातात घेतले की ते रोज चिडायचे. हल्लीची छपाई खराब, शाई फिकी, कागद रद्दी. आम्ही दोनदा वर्तमानपत्र बदलले. एके दिवशी माझ्या मुलीने विचारले, "आजोबा, तुम्हाला अक्षरे दिसतात का?" अण्णा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नाही दिसत गं. पण तुझ्या बापाच्या मागे घराचा हप्ता आहे, त्याला कशाला सांगू?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया झाली आणि छपाई सुधारली! आम्ही हसलो खरे, पण वर्ष-दीड वर्ष माझे वडील माझ्याच घरात अंधारात बसले होते आणि मी ते विचारले नाही, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली.

मागणे आणि मागणे यांत फरक

गरज सांगणे आणि भीक मागणे या एक गोष्टी नाहीत. बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. १९१३ साली ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना त्यांनी स्वतःच्या साठवणीबरोबर शाहू महाराजांची मदत घेतली आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पैसे उसने घेतले. यात लाचारी कोठेही नाही. गरज कोणती, कशासाठी, किती, हे स्पष्ट होते.

दुसरी गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. जेथे हक्क आहे तेथे विनंती करावयाची नसते. बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, तरीही पाणी मिळेना. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सम्यक वाचेसंबंधी हेच बजावले आहे की, ती भीतीपोटी किंवा कोणाची मर्जी राखण्यासाठी असता कामा नये. करुणेने बोलणे म्हणजे मान खाली घालून बोलणे नव्हे.

बोलण्याच्या चार पायऱ्या

मार्शल रोझेनबर्ग (१९३४-२०१५) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 'अहिंसक संवाद' या नावाने चार पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या आपल्याला सहज समजतील अशा आहेत. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या अडचणीवरून त्या पाहू. एका खोलीचे घर, बारावीचे वर्ष आणि रात्री टीव्ही चालू. मुलगा ओरडतो, "या घरात माझ्या अभ्यासाची कोणाला पर्वाच नाही!" आई दुखावते, वडील चिडतात, टीव्ही चालूच राहतो. आता हेच चार पायऱ्यांनी सांगू :

१) जे घडते तेवढेच सांगणे : "रात्री नऊ ते अकरा टीव्ही चालू असतो."
२) मनात काय होते ते सांगणे : "माझे लक्ष लागत नाही आणि परीक्षेची भीती वाटते."
३) गरज सांगणे : "मला रोज दोन तास शांतता पाहिजे."
४) नेमकी विनंती करणे : "नऊ ते अकरा टीव्ही बंद ठेवता येईल का? नाहीतर विहाराची खोली तेवढा वेळ उघडून मिळेल का, हे बाबा विचारतील का?"

पहिल्या बोलण्यात आरोप आहे, दुसऱ्यात गरज आहे. आरोपाला माणूस प्रत्यारोपाने उत्तर देतो. गरज कळली तर मार्ग शोधतो. मात्र विनंतीला 'नाही' म्हणण्याची मोकळीक समोरच्याला असली पाहिजे. ती नसेल तर तो हुकूम झाला.

बोलण्यापूर्वी अंगुत्तर निकायात सांगितलेल्या पाच कसोट्या लावून पाहाव्यात : वेळ योग्य आहे का, बोलणे खरे आहे का, मृदू आहे का, हिताचे आहे का आणि मनात मैत्री आहे का? वडील दिवसभराच्या कामावरून, लोकलच्या गर्दीतून घरी येऊन चप्पल काढीत असताना केलेली रास्त विनंतीही पहिल्याच कसोटीला उतरत नाही.

रागामागची गरज ऐकणे

सर्वांनाच असे बोलता येणार नाही. म्हणून ऐकणाऱ्याची जबाबदारी अधिक आहे. मी बँकेत काम करतो. एक वृद्ध आजी काउंटरवर येऊन मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही लोक माझी पेन्शन मुद्दाम अडवता!" नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला त्यांनी दिला नव्हता. मी तो नियम सांगितला आणि भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखविले. त्या आणखी चिडल्या. तेव्हा अण्णांची छपाई मला आठवली. मी उठून बाहेर आलो व हळू आवाजात विचारले, "आजी, फॉर्म मी भरून देऊ का?" त्या एकदम शांत झाल्या. त्यांना वाचता येत नव्हते, आणि चारचौघांत ते सांगण्याची लाज वाटत होती. फॉर्म भरावयास पाच मिनिटे लागली.

आपण काय करू शकतो?

संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आठवड्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाला विचारावे, "तुला सध्या काय पाहिजे आहे?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. दुसरी, रागाने बोललेले स्वतःचे एक वाक्य रोज वहीत लिहावे आणि त्याखाली त्यामागची गरज लिहावी. विद्यार्थ्यांना हा अभ्यास फार उपयोगी पडेल. तिसरी, संस्थेच्या मासिक सभेत हिशेबाच्या विषयानंतर दहा मिनिटे सभासदांच्या गरजांसाठी ठेवावीत. कोणाला दवाखान्यात सोबत हवी असेल, कोणाला फीची अडचण असेल, कोणाला अर्ज लिहून हवा असेल. तेथे सांगणाऱ्याला कोणी उपदेश करू नये आणि ऐकलेले बाहेर बोलू नये. ज्यांना चारचौघांत बोलणे जड जाते त्यांच्या घरी एखाद्या सभासदाने जाऊन विचारावे.

तो आजारी भिक्खू म्हणाला होता की, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही. आपल्या वस्तीतही असे समजून गप्प बसलेली माणसे आहेत. त्यांच्यापर्यंत जाऊन विचारणे, आणि आपली पाळी आली की संकोच न करता खरे सांगणे, हीच आजच्या काळातील सम्यक वाचा होय.

नमो बुद्धाय! जयभीम!