पकड कोणी करायची? : कबड्डीच्या संघबांधणीविषयी थोडेसे

महाडहून पाचाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाते हे माझे गाव. भातकापणी उरकली की एखाद्या सपाट खाचरात फक्कीच्या रेघा पडतात. त्या रेघांच्या आत माझे चुलतभाऊ कबड्डी खेळत, आणि मी पाण्याची कळशी घेऊन बाहेर उभी असे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, तशीच रेघेच्या आत गेलेली मुलगीही पहिलीच.

गेल्या वर्षी आमचा मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरला. आमच्यात तीन उत्तम चढाईपटू होत्या. परतताना एस.टी.त एकच प्रश्न चालला होता, मग आपण हरलो कशा? प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

कबड्डीचा हिशेब मोठा विलक्षण आहे. चढाईला ३० सेकंदांची मुदत असते. समजा, आपली सर्वांत चांगली चढाईपटू पकडली गेली. समोरच्यांना एक गुण मिळाला, हे उघडच. परंतु नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ती बाहेर जाऊन बसली. आता ती परत येणार कधी? आपण समोरची एक खेळाडू बाद करू तेव्हा आपली एक आत येते, तीही ज्या क्रमाने बाहेर गेली त्या क्रमानेच. बोनस गुणाने कोणी परत येत नाही. म्हणजे बाहेर बसलेल्या चढाईपटूला आत आणावयाचे तर दुसऱ्या कोणीतरी गडी मारला पाहिजे, किंवा मागच्यांनी पकड केली पाहिजे. आमच्या तिघी पाठोपाठ बाद झाल्या आणि त्यांना आणणारे कोणी उरले नाही. सातही बाद झाल्या की लोण आणि समोरच्यांना दोन जादा गुण! असे दोन लोण आम्ही स्वीकारले.

पकड ही एकटीची नव्हेच. कोपऱ्यावरची घोटा धरते, पण शेजारची वेळेवर धावली नाही तर चढाई करणारी तिला ओढीत मध्यरेषेला हात लावते आणि धरणारीच बाद होते. टाळ्या मात्र चढाईला मिळतात. (आमच्या गावातही कोपऱ्यावरच्या गड्याचे नाव कोणी सांगत नाही.)

या दृष्टीने नाशिकच्या शैलजा जैन यांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी इराणच्या महिला संघाचे प्रशिक्षण स्वीकारले. परका देश, परकी भाषा. मुलींशी बोलता यावे म्हणून त्या फारसी शिकल्या. सरावात त्यांनी योगासने आणि प्राणायाम आणले. दम हाच ज्या खेळाचा पाया, तेथे हे योग्यच म्हणावे लागेल. आशियाई स्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० साली आली. २०१० आणि २०१४ ही दोन्ही सुवर्णपदके भारताची. २०१४च्या अंतिम सामन्यात तर भारताने इराणलाच हरविले होते. २०१८ साली जाकार्ता येथे मात्र इराणने भारतावर २७-२४ अशी मात केली. अंतर फक्त तीन गुणांचे! एक लोण आणि एक पकड, की झाले तीन गुण.

त्या सामन्याचे चित्रण मी मोबाईलवर पाहिले. कोणाच्या बाजूने पाहावे हेच मला कळेना. हरणाऱ्या आपल्या, आणि जिंकणाऱ्यांना घडविणारीही आपलीच. शेजारी बसलेली आई, जिने उभ्या आयुष्यात कबड्डीचा एकही सामना पुरा पाहिलेला नाही, तिने विचारले, “त्या बाईंना तिकडं का जावं लागलं?” मला उत्तर देता आले नाही. पुढे हांगझोऊच्या स्पर्धेत, २०२३ साली, भारतीय महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक परत मिळविले. तेव्हा आईच आधी ओरडली.

यंदा आमच्या सरांनी सराव उलट्या बाजूने सुरू केला आहे. पहिला महिनाभर चढाई करणाऱ्यांना गुण नाहीत, गुण फक्त पकडीला. तिघीही चढाईपटू त्यावर रुसल्या होत्या. सरांनी त्यांतल्या एकीला डाव्या कोपऱ्यावर उभे केले आणि तिच्या शेजारी मला. पहिल्या आठवड्यात तिने धरलेले चार घोटे माझ्या उशिरामुळे सुटले. काल एक सुटला नाही.